गाईच्या पोटातून जगभर गेलेलं झाड: रेन ट्रीची गोष्ट

रेन ट्रीची शेंग कधी पायाखाली आलीये का? चपलेच्या तळाला अशी काही चिकटते की चालताना चपचप आवाज येतो, आणि काढायला गेलं की बोटंही चिकट होतात. काळपट तपकिरी, वीतभर लांब, चपटी आणि जाडसर, वास थोडा गुळासारखा, थोडा आंबूस. चिंचेसारखी वाटते पण चिंच नाही. आणि सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे ही शेंग वाळली तरी उघडत नाही. शिरीषाची शेंग वाळली की उकलते, गुलमोहराची फाटते, वाटाण्याची तर तडकतेच. ही मात्र तशीच बंद राहते, झाडाखाली ढीग पडतो आणि आतल्या बिया आतच.

आता झाडाच्या दृष्टीने बघा. शेंग बनवायची, त्यात इतका गोड गर भरायचा, आणि मग बिया बाहेर पडायची सोयच करायची नाही, हा काय वेडेपणा? तर वेडेपणा नाही. या एका प्रश्नाच्या मागे गेलं तर या झाडाची जवळजवळ सगळी कुंडली हाताला लागते, म्हणून मी शेंगेपासून सुरुवात केली. उत्तराकडे येऊ, पण आधी झाडाची ओळख करून घेऊ कारण नावापासूनच सगळा गोंधळ आहे.

मराठीत याला पर्जन्यवृक्ष म्हणतात, वर्षावृक्ष म्हणतात, विलायती शिरीष पण म्हणतात, आणि बोलताना सगळे सरळ रेन ट्री म्हणतात. शास्त्रीय नाव समानिया समान. इथे समान म्हणजे 'सारखा' नव्हे हां, दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं या झाडाचं नाव आहे ते, झामांग, त्याचं स्पॅनिश लोकांनी समान केलं. १८०० साली जाकीन नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं तेव्हा त्याला मिमोसा समान म्हटलं, म्हणजे लाजाळूच्या गटात टाकलं. मग कुणी पिथेसेलोबियम म्हटलं, कुणी अल्बिझिया म्हणजे शिरीषाच्या गटात घातलं, १९१६ मध्ये मेरिल या वनस्पतीशास्त्रज्ञाने समानिया हे नाव दिलं आणि आज बहुतेक ठिकाणी तेच चालतं. पण जुन्या पुस्तकात किंवा एखाद्या बागेतल्या पाटीवर अल्बिझिया समान किंवा पिथेसेलोबियम समान दिसलं तर ती वेगळी झाडं नाहीत, एकच आहे. पिथेसेलोबियमचा ग्रीकमध्ये अर्थ माकडाच्या कानातलं. विलायती चिंचेची ती वळलेली शेंग डोळ्यासमोर आणा, तिचं शास्त्रीय नाव अजूनही पिथेसेलोबियमच आहे, आणि मग ते नाव एकदम पटतं. रेन ट्रीच्या जवळजवळ सरळ शेंगेला माकडाने कानात कसं घालायचं हा प्रश्नच आहे, पण हवाईत या झाडाला आजही मंकीपॉड म्हणतात.

आता मुख्य गैरसमज. हे झाड पाऊस पाडत नाही. ढग ओढून आणत नाही, रात्री पाणी शिंपडत नाही. मग नाव कुठून आलं? एकच कारण नाही, तीन-चार गोष्टींची खिचडी झालीये.

पहिली गोष्ट, पानं. ढग भरून आले, उजेड कमी झाला की पानं मिटतात, त्यामुळे पाऊस आला की थेंब छत्रीवर अडकण्याऐवजी सरळ खाली जमिनीवर येतात. मोठ्या दाट झाडाखाली आपण पावसात आडोसा घेतो ना, तो या झाडाखाली नीट मिळत नाही. दुसरी गोष्ट, या झाडाखालचं गवत आजूबाजूच्या गवतापेक्षा हिरवं दिसतं, लोकांना वाटलं इथे जास्त पाऊस पडत असणार. तिसरी गोष्ट जरा किळसवाणी आहे. रिचर्ड स्प्रूस नावाचा इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञ १८५५ साली पेरूमध्ये तारापोतोच्या आसपास फिरत होता, तिथे एका झाडाखाली स्वच्छ आकाश असताना टपटप पाणी पडताना त्याने पाहिलं. स्थानिक लोक त्या झाडाला पावसाचं झाडच म्हणायचे. त्याने वर बघितलं तर कोवळ्या फांद्यांवर सिकाडा किड्यांची गर्दी, झाडाचा रस पितायत आणि जादाचं पाणी मागच्या बाजूने पिचकारीसारखं सोडतायत. म्हणजे तो 'पाऊस' म्हणजे किड्यांची लघवीच. स्प्रूसचं झाड नेमकं आपलंच होतं असं नाही, तिकडे अशी बरीच झाडं होती ज्यांच्यावर हे किडे बसायचे, पण अशा गोष्टी एकमेकींत मिसळत जातात आणि नाव एकाला चिकटतं. शिवाय या झाडाच्या पानांच्या देठांवर छोट्या ग्रंथी असतात, त्यातून गोड रस येतो, आणि फुलायच्या दिवसात वाळलेल्या पुंकेसरांचा सडा पडत असतो तो वेगळाच. थोडक्यात, झाडाखाली वरून सतत काही ना काही पडत असतं, फक्त त्यात ढगाचं पाणी नसतं.

पानांचं मिटणं मात्र खरोखर बघण्यासारखं आहे, त्यावर जरा थांबू.

एक पान हातात घ्या. आपण ज्याला पानं पानं म्हणतो ती खरं तर पर्णिका, एका मोठ्या पानाचे तुकडे. मुख्य दांडा, त्याला दोन्ही बाजूंना आडव्या दांड्या, साधारण २ ते ६ जोड्या, आणि त्या प्रत्येक आडव्या दांडीवर ३ ते ८ जोड्या पर्णिकांच्या. पर्णिका जराशी तिरकी चौकटीसारखी, वरून चकचकीत, खालून मऊ लव असलेली, आणि दांडीच्या टोकाकडची जोडी सगळ्यात मोठी. खऱ्या शिरीषाशी गोंधळ होत असेल तर ही खूण लक्षात ठेवा.

आता सांधे बघा. जिथे मुख्य दांडा फांदीला जोडलाय तिथे एक जाडसर फुगीर गाठ दिसेल, बोटाच्या पेरासारखी. तशीच छोटी गाठ आडव्या दांडीच्या बुडाशी, आणि अगदी बारीक गाठ प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी. याला पल्विनस म्हणतात. हेच पानाचे स्नायू, फक्त यात स्नायू नाहीत, पाणी आहे. गाठीच्या एका बाजूच्या पेशी पाणी भरून फुगल्या आणि दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या झाल्या की सांधा एकीकडे वळतो, उलटं झालं की दुसरीकडे. पाणी कसं हलतं? झाडाकडे काही पंप नाही, ते पोटॅशियमचे क्षार एका बाजूच्या पेशींमधून बाहेर काढतं आणि दुसऱ्या बाजूच्या पेशींत भरतं, आणि क्षार गेले की पाणी त्यांच्यामागे आपोआप जातं. मीठ लावल्यावर काकडीला पाणी सुटतं ना, तोच प्रकार, इथे फक्त तो रोज दोनदा होतो आणि परत उलटाही होतो.

१९७० च्या दशकात अमेरिकेत येल विद्यापीठात रूथ सॅटर आणि आर्थर गॉल्स्टन यांच्या गटाने याच झाडाच्या पानांवर बरंच काम केलं. त्यात एक गंमत दिसली, पान सलग अंधारात ठेवलं तरी त्याचं उघडणं-मिटणं ठरल्या वेळी चालूच राहतं. म्हणजे ते फक्त उजेडाला प्रतिसाद देत नाहीये, त्याच्या आत घड्याळ आहे. उजेड त्या घड्याळाचे काटे जुळवतो इतकंच. आपण विमानाने लांब गेलो की दोन दिवस भलत्या वेळी झोप येते, तसंच घड्याळ. मलायात या झाडाला पुकुल लिमा म्हणतात, अर्थ 'पाचचे ठोके', कारण संध्याकाळी साधारण त्या सुमाराला पानं मिटायला लागतात. तमिळमध्ये तूंगुमूंजी मरम, म्हणजे झोपाळू तोंडाचं झाड, आणि मल्याळममध्ये उरक्कम तूंगी, झोपेने पेंगणारा. ही नावं ठेवणाऱ्यांनी झाड रेन ट्री म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त नीट बघितलंय असं माझं स्पष्ट मत आहे.

पानं मिटून झाडाला मिळतं काय, यावर अजून वाद आहेत, रात्री उष्णता कमी जाते म्हणे, पाणी वाचतं म्हणे, ते सोडून देऊ. खालच्या गवताला काय मिळतं ते मात्र सरळ आहे, पाऊस थेट मिळतो आणि दिवसा कडक उन्हाऐवजी गाळून आलेला उजेड मिळतो.

आणि खतही मिळतं. हे झाड शेंगावर्गीय कुळातलं, म्हणजे तूर, मूग, भुईमूग यांचं मोठं भावंड. भुईमूग उपटला की मुळांना मण्यांसारख्या गाठी दिसतात ना, तशाच गाठी याच्या मुळांवरही येतात, त्यात जिवाणू राहतात. हवेत ७८ टक्के नत्र आहे पण झाडाला तो तसाच वापरता येत नाही, हे जिवाणू तो वापरता येईल अशा रूपात आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. जिवंत गाठ ब्लेडने कापली तर आत गुलाबी लाल दिसते, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळचाच पदार्थ तिथे असतो, जिवाणूंचं काम बिघडू नये म्हणून ऑक्सिजनला लगाम घालायला. वरून पानं गळतात, वर्षातून एकदा कोरड्या दिवसात झाड थोडे दिवस जवळजवळ उघडं होतं, ती नत्राने भरलेली पानं खाली कुजतात आणि गवत खूश. म्हणून कॉफी, कोको, जायफळ अशा सावली लागणाऱ्या पिकांच्या मळ्यात हे झाड मुद्दाम लावलं गेलं.

आकाराबद्दल बोलायचं तर हे झाड उंचीपेक्षा रुंदीचं आहे. मोकळ्या जागेत वाढलं तर खोड आखूड, थोड्याच उंचीवर जाड फांद्या फुटतात आणि त्या आडव्या पसरत जातात, वरून बघितलं तर उघडलेली छत्री. उंची साधारण २५ मीटर आणि घेराची रुंदी ३० मीटर किंवा त्याहून जास्त, हे मोठ्या झाडाचं सर्वसाधारण माप. हवाईतल्या होनोलुलूच्या मोआनालुआ बागेत एक प्रसिद्ध झाड आहे, एका जपानी कंपनीने १९७३ पासून ते जाहिरातीत चिन्ह म्हणून वापरलंय, हिताची ट्री म्हणूनच ओळखतात त्याला, उंची सुमारे २५ मीटर आणि पसारा सुमारे ४० मीटर. म्हणजे मधोमध उभे राहिलात तर कुठल्याही दिशेला २० मीटर चालेपर्यंत सावली संपत नाही. पण हेच झाड दाट जंगलात इतर झाडांच्या गर्दीत वाढलं तर छत्री होत नाही, उजेडासाठी सरळ वर जातं आणि डोकं लहान राहतं. छत्री हा मोकळ्या जागेचा गुण आहे.

साल करडी काळपट, भेगाळलेली, खडबडीत, आणि फांद्या रुंद आडव्या, त्यामुळे दमट हवेत त्यांच्यावर नेचे, ऑर्किड असले पाहुणे मस्त घर करतात. सिंगापूरच्या रस्त्यावरची जुनी झाडं बघा, फांदीवर दुसरी बागच असते. हे परजीवी नाहीत, झाडाचं काही पीत नाहीत, फक्त बसायला जागा घेतात.

फुलाला फूल म्हणणं पण तितकंसं बरोबर नाही. ते जे गुलाबी पांढरं पावडर लावायच्या पफसारखं दिसतं ती २० च्या आसपास लहान फुलांची मोळी आहे. पाकळ्या असतात, पण इतक्या छोट्या की लक्षातच येत नाहीत, आपल्याला दिसतात ते लांब पुंकेसर, बुडाला पांढरे आणि टोकाला गुलाबी. मोळी जवळून बघितली की मधलं एक फूल बाकीच्यांपेक्षा जाड आणि देठ नसलेलं दिसतं, बाजूची बारीक देठावर उभी. मधमाश्या येतात, रात्री पतंग येतात. आणि इतका थाट करून एका मोळीतून बहुतेक वेळा एखाद-दोनच शेंगा धरतात. हा हिशोब तोट्याचा वाटतो, पण एक शेंग पोसायला किती माल लागतो ते बघितलं की झाड कंजूषपणा का करतं ते कळतं.

तर परत शेंगेकडे. १० ते २० सेंटिमीटर लांब, आत चिकट गोड गर, ५ ते २० बिया. एक शेंग फोडून बी धुवून घ्या, तांबूस तपकिरी, गुळगुळीत, चिंचोक्यापेक्षा लहान, आणि दोन्ही बाजूंना घोड्याच्या नालासारखी एक बारीक रेष कोरलेली दिसेल. अगदी नीट, कुणी यंत्राने कोरावी तशी. बी नखाने दाबून बघा, काही होत नाही. दाताने तर अजिबात फोडायला जाऊ नका. हे कवच पाणी आत जाऊ देत नाही, त्यामुळे अशी बी मातीत पडली तरी महिनोन्‌महिने तशीच दगडासारखी पडून राहते.

गोड गर, न उघडणारी शेंग आणि न फुटणारी बी, हे तिन्ही एकत्र ठेवा. कुणीतरी मोठ्या प्राण्याने शेंग अख्खी खावी, गर पचवावा, बी दातातून आणि पोटातून सहीसलामत निसटावी, पोटातल्या रसांनी तिचं कवच थोडं झिजावं, आणि मग ती दूर कुठेतरी शेणाच्या गोळ्यासकट जमिनीवर पडावी. झाडाने सगळी मांडणी याच ग्राहकासाठी केलीये. गाय, घोडा, डुक्कर, शेळी सगळे ही शेंग आवडीने खातात, तिच्यात साधारण १२ ते १८ टक्के प्रथिनं असतात, उन्हाळ्यात चारा नसतो तेव्हा तर वरदान. म्हणजे ग्राहक गाय. सुटलं कोडं?

नाही ना! कारण हे झाड मूळचं मध्य अमेरिकेपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंतच्या कोरड्या, पानझडी जंगलांतलं, आणि तिथे गायच नव्हती. गाई आणि घोडे तिकडे नेले स्पॅनिश लोकांनी, ५०० वर्षांपूर्वी. झाड तर त्याच्या कितीतरी आधीपासून ही शेंग बनवतंय. मग कुणासाठी?

१९८२ साली डॅनियल जँझेन आणि पॉल मार्टिन या दोन शास्त्रज्ञांनी सायन्स साप्ताहिकात याचं एक उत्तर मांडलं. मध्य अमेरिकेत अशी बरीच झाडं आहेत ज्यांची फळं मोठी, गोड, आणि झाडाखालीच कुजून जातात, खायला योग्य आकाराचं कुणी नसतं. त्यांचं म्हणणं असं की ही फळं आता नसलेल्या प्राण्यांसाठी बनलेली आहेत. तिकडे एकेकाळी गोम्फोथेर नावाचे हत्तीचे भाऊबंद होते, आज झाडाला लटकून राहणाऱ्या संथ स्लॉथ प्राण्याचे जमिनीवर चालणारे महाकाय नातेवाईक होते, रानटी घोडेही होते. १० ते १२ हजार वर्षांपूर्वी हे सगळे संपले. झाडं राहिली, आणि जुन्या गिऱ्हाइकासाठी दुकान उघडं ठेवून बसली. झाडाच्या हिशोबात १० हजार वर्षं म्हणजे फार नाही, पिढ्याच किती होतात त्यात. मग अचानक स्पॅनिश जहाजांतून घोडे आणि गाई उतरल्या आणि दुकान परत चालायला लागलं. सगळ्यांनाच हे पूर्ण पटलंय असं नाही, काही जण म्हणतात की लहान प्राणी आणि पाण्याचे लोंढेही हे काम थोडंफार करत होतेच, पण रेन ट्रीची शेंग हातात घेतली की मला तरी हत्तीच दिसतो.

शेंग पडून राहिली तर काय होतं तेही बघण्यासारखं. तिच्यावर भुंगेरे अंडी घालतात, अळी बीत शिरून आतला गर खाते आणि बाहेर पडताना गोल भोक पाडते. झाडाखालच्या जुन्या शेंगा फोडून बघा, अशा टाचणीने टोचल्यासारख्या बिया सापडतात. म्हणजे गाईने वेळेत खाल्ली तर बी वाचते, नाहीतर किडा खातो. गाय इथे वाहन पण आहे आणि अँब्युलन्स पण.

आता पुढचा प्रवास माणसाच्या हातून. १८०० च्या फेब्रुवारीत अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व्हेनेझुएलातल्या आराग्वाच्या खोऱ्यात पोचला, तिथे त्याने एक प्रचंड झाड बघितलं, समान दे ग्वेरे. त्याने लिहिलंय की लांबून तो एखादा गोल डोंगर किंवा झाडांचा पुंजका वाटतो, आणि घेराची परिमिती भरली ५७६ फूट. तिथल्या लोकांना त्या झाडाचा इतका आदर होता की एकाने फांदी तोडली म्हणून त्याच्यावर खटला भरला आणि कोर्टाने त्याला दोषी ठरवलं! हे झाड आता मेलेलंय, पण त्याचे अवशेष स्मारक म्हणून जपून ठेवलेत, आणि १७ डिसेंबर १९८२ ला, पुढे व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या ह्यूगो चावेझ यांनी आपल्या लष्करी साथीदारांबरोबर शपथ घेतली ती याच झाडाजवळ. एका झाडाच्या वाट्याला एवढं राजकारण क्वचित येतं.

हवाईत झाड गेलं १८४७ मध्ये. ब्रिन्समेड नावाचा व्यापारी आणि वाणिज्यदूत, म्हणजे परदेशात आपल्या देशाच्या व्यापाराचं बघणारा सरकारी प्रतिनिधी, पनामामार्गे परत येताना दोन बिया घेऊन आला. फक्त दोन. दोन्ही रुजल्या, एक रोप होनोलुलूत लावलं, एक कावाई बेटावर कोलोआत, आणि हवाईतली आजची झाडं त्या दोघांचीच पिलावळ असं मानलं जातं. आशियात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून श्रीलंका, भारत, म्यानमार, मलाया, इंडोनेशिया असं ते पसरत गेलं, सिंगापूरमध्ये १८७६ ला आलं. काम एकच, सावली. रस्ते लांब, प्रवास बैलगाडीने आणि घोड्याने, आणि हे झाड पटकन वाढतं, लवकर पसरतं, दोन बाजूंनी लावलं की रस्त्यावर कमान होते. पुढे सिंगापूरने १९६७ पासून शहर हिरवं करायचं ठरवलं तेव्हा परत याच झाडावर भर दिला, विमानतळावरून शहरात जाताना दोन्ही बाजूंना दिसतात ती हीच.

नावं सुद्धा या प्रवासाची साक्ष देतात. म्यानमारमध्ये शिरीषाला कोक्को म्हणतात आणि रेन ट्रीला थिंबॉ कोक्को, थिंबॉ म्हणजे जहाज, म्हणजे जहाजातून आलेला शिरीष. आणि आपण म्हणतो विलायती शिरीष. दोन वेगळ्या भाषांनी एकाच झाडाला एकाच डोक्याने नाव दिलं, फक्त आपण जहाज सोडून विलायत पकडली, आणि ती पण चुकीची कारण झाड अमेरिकेतलं. थायलंडमध्ये ते चामचुरी, चुलालाँगकॉर्न विद्यापीठाचं मानाचं झाड, १९६२ मध्ये राजा भूमिबोल यांनी स्वतः तिथे पाच रोपं लावली होती. तिकडे या झाडावर लाखेचे किडेही पाळतात, आणि लाकडातून वाट्या, ताटं, हत्तीची शिल्पं कोरतात. या लाकडाचा एक दुर्मीळ गुण असा की वाळताना ते फारच कमी आकसतं, त्यामुळे ओलं असतानाच कोरलं तरी नंतर भांड्याला सहसा चिरा पडत नाहीत. बाहेरचं लाकूड पिवळट आणि आतला गाभा चॉकलेटी, एका वाटीत दोन्ही रंग आले की सुंदर दिसतं.

मध्येच एक आकडा खोडून काढतो, कारण तो सारखा फॉरवर्ड होत असतो. एक रेन ट्री वर्षाला २८ टन कार्बन डायऑक्साइड शोषतो म्हणे. इंडोनेशियातून सुरू झालेला आकडा आहे. साधा हिशोब करा. कार्बन डायऑक्साइडच्या वजनात कार्बन असतो २७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २८ टनात साडेसात टन कार्बन. वाळलेल्या लाकडात निम्मा कार्बन, म्हणजे झाडाने दरवर्षी १५ टन नवं लाकूड, पानं, मुळं बनवायला हवीत, तीही वाळल्यावरच्या वजनाने. दहा वर्षात १५० टन. असं झाड मी तरी बघितलेलं नाही! पानाने दुपारी घेतलेला वायू मोजून त्याला वर्षाने आणि सगळ्या पानांनी गुणलं की असे आकडे येतात, रात्री झाड श्वास घेतं, गळलेली पानं कुजतात, ते परत जातं हे धरलेलंच नसतं. झाड चांगलंच आहे, त्याला खोट्या आकड्याची गरज नाही.

आणि चांगलं असलं तरी कुठेही लावायचं झाड नाही. मुळं बरीचशी उथळ पसरतात, फरसबंदी आणि कुंपणं उचलतात. फांद्या लांब आणि जड, वादळात मोडतात, कधी झाडच कलंडतं. शेंगांचा चिकटा गाडीवर, फुलांचा सडा गटारात. घराला लागून तर नकोच, भोवताली निदान १५-२० मीटर मोकळे असतील तरच विचार करा. आणि फिजी, वानुआटू अशा बेटांवर गाईगुरांनी ते कुरणांमध्ये इतकं पसरवलंय की तिथे ते घुसखोर झाड म्हणून गणलं जातं. जे पोट त्याला तारून गेलं त्यानेच तिकडे त्याला बदनाम केलं. जिथे थंडीत दव गोठतं तिथे ते टिकत नाही, बाकी वर्षाला ६०० ते ३००० मिलिमीटर पाऊस आणि मधे दोन-चार महिने कोरडे, एवढ्यावर ते खूश असतं.

बी रुजवून बघायची असेल तर गाय लागत नाही. दोन उपाय आहेत. एक, पाणी तापवायचं, उकळी येण्याच्या आधी, ८० अंशांच्या आसपास, त्यात बिया मिनिट-दोन मिनिटं ठेवायच्या आणि मग साध्या पाण्यात एक दिवस भिजत घालायच्या. दोन, नेलकटर घ्यायचं आणि बी जिथे शेंगेला चिकटलेली असते त्याच्या विरुद्ध बाजूला कवचाला अगदी बारीक टवका पाडायचा, आतला पांढरा भाग जेमतेम दिसेल इतकाच. टवका पाडलेली बी पाण्यात टाकली की संध्याकाळपर्यंत फुगून दुप्पट होते, आणि मातीत चार-पाच दिवसात मान वर काढते. मी दहा बिया घेतल्या होत्या, सातांना टवके पाडले आणि तीन मुद्दाम तशाच ठेवल्या, फरक बघायला. सात रुजल्या, त्यातल्या दोन मुंग्यांनी नेल्या, पाच कुंडीत आहेत आणि अंधार पडायच्या आधीच पानं मिटून बसतात. त्या तीन बिया गेल्या पावसाळ्यापासून खिडकीतल्या ग्लासात पाण्यात पडून आहेत, पाणी बदलतो अधूनमधून, कालच परत एक नखाने दाबून बघितली, दगड.